शंभर मण्यांची माळ आणि रंगीत पट्ट्या: आठ महिन्यांच्या वापरानंतर

लेक जूनमध्ये मोठ्या शिशुगटात गेली, तेव्हा शंभर मण्यांची गणितमाळ आणि रंगीत लाकडी पट्ट्यांचा डबा असा संच ऑनलाइन मागवला होता. साडेआठशे रुपये पडले. आता फेब्रुवारी संपत आला. लेक साडेपाच वर्षांची आणि खालच्या मजल्यावरचा पुतण्या दुसरीत. दोघांनी मिळून या संचाला एक दिवस उसंत दिलेली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माळ, कारण पैसे वसूल झाले ते तिच्यात. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल असे शंभर मणी आणि आकडा दाखवायला एक चिमटा. आम्ही ती बाहेरच्या खोलीत, लेकीच्या खांद्याच्या उंचीवर दोन खिळ्यांना आडवी बांधली. मी संख्या सांगायची, तिनं चिमटा लावायचा, एवढाच खेळ. पहिले पंधरा-वीस दिवस ती दर वेळी पहिल्या मण्यापासून मोजायची. मी मध्ये पडले नाही. एके संध्याकाळी चौतीस सांगितले, तर बोट लाल-पांढऱ्याच्या सांध्यावर ठेवत "दहा, वीस, तीस" म्हणाली आणि पुढचे चारच मणी मोजले. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पुतण्याची अडचण वेगळी होती. शंभरपर्यंत घडाघडा म्हणायचा, पण त्रेपन्न लिही म्हटलं की ३५. आपल्या मराठी संख्यानामांत एकक आधी ऐकू येतो आणि दशक मागून, लिहिताना मात्र उलटं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मला विचाराल तर त्रेपन्न हा शब्द पोराला यायलाच हवा, पण त्याच्यापर्यंत पोचायला 'पन्नास तीन' ही पायरी फार उपयोगी आहे. माळेवर तो पन्नासच्या सांध्यावर थांबतो, तीन मणी पुढे सरकतो, मग 'त्रेपन्न' म्हणतो आणि वहीत लिहितो. दिवाळीपर्यंत उलटे आकडे जवळजवळ थांबले. शाळेतून मात्र रोज अंकी-अक्षरी उजळणी लिहून आणायला सांगत होते, त्यानं त्याचा हात तेवढा दुखायचा.

सगळ्यात मजा आली ती 'एकोण'ची. सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. लेकीनं विचारलं, "आजी, एकोणतीसमध्ये तीस कशाला म्हणायचं? तीस तर अजून आलंच नाही की." त्या म्हणाल्या, "अगं, ऊन म्हंजे कमी. तिसाला एक मणी कमी पडला की एकोणतीस." झालं, लेक चिमटा घेऊन प्रत्येक रंगाच्या शेवटाला जायची आणि एक मणी मागे यायची: एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, थेट एकोणनव्वदपर्यंत. आणि शेवटी टाळी वाजवून "एकोणशंभर!"

"न्हाई गं बाळा, त्याला नव्व्याण्णव म्हणत्यात."

तिला ते काही पटलं नाही. आमच्या घरात अजून दोन्ही चालतात.

आता तक्रारी. नोव्हेंबरात माळेचा दोरा तुटला आणि मणी दिवाणाखाली. सत्त्याण्णव सापडले. इथे कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, एका पटवेकऱ्याकडे नेले, त्यांनी जाड नायलॉनमध्ये ओवून दिले आणि स्वतःच्या डब्यातले तीन लाल मणी घातले, जरा फिकट आहेत. ते त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीसच्या जागी आले आणि पोरांना ते आकडे आता न मोजता सापडतात. मूळ दोरा इतका बारीक असायलाच नको होता.

पट्ट्यांचा दोष जास्त गंभीर. या पट्ट्या बेल्जियममधले शिक्षक जॉर्ज कुझिनेअर यांच्या कल्पनेतल्या, १ सेंटीमीटरपासून १० सेंटीमीटरपर्यंत, प्रत्येक लांबीला ठरलेला रंग. त्यांच्यावर आकडा नसतो, हेच मला आवडतं. दोन पिवळ्या म्हणजे एक नारिंगी, हे लेकीला 'पाच आणि पाच दहा' म्हणण्याआधी हाताला कळलं होतं. सातच्या काळ्या पट्टीखाली लाल-पिवळी, पोपटी-जांभळी, पांढरी-गडद हिरवी अशा जोड्या तासभर लावत बसते. पण आमच्या डब्यातली एक नारिंगी २ मिलिमीटर आखूड निघाली. लेकच म्हणाली, "आई, दोन पिवळ्या बाहेर का येतात?" विक्रेत्याला फोटो पाठवला, तर उत्तर आलं की लाकडात एवढा फरक चालतो. जिथे सगळं लांबीवरच आहे तिथे कसा चालेल? ती पट्टी काढून टाकली. पांढरे ठोकळे जेमतेम १ सेंटीमीटरचे आहेत, घरात रांगणारं किंवा तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर डबा वर ठेवा.

"खेळून गणित येतंय होय?" असं शेजारी विचारतात. ज्या कोल्हापुरात शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटलांनी १९८५ साली मुलांना आनंदानं शिकू देणारं सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तिथे हा प्रश्न ऐकला की मला वाईट वाटतं.

पैसे मोजकेच असतील तर संच नका घेऊ. महाद्वार रोडवरून दोन रंगांचे जरा मोठे मणी आणा, पटवेकऱ्याकडून घट्ट ओवून घ्या, चिमटा कपड्यांचाही चालतो. पट्ट्या घेतल्यात तर डबा आला त्याच दिवशी, परत करायची मुदत असतानाच, एकेक पट्टी फूटपट्टीवर ठेवून बघा.