अमिओडॅरोन: धडधड गेली, पण क्रीमचा खर्च कोण देणार?

अमिओडॅरोन ही हृदयाच्या ठोक्यांची लय सांभाळणारी गोळी. लय बिघडलेल्या बऱ्याच जणांना ती लिहून मिळते. मला हृदयाच्या झडपेच्या जुन्या दुखण्यातून एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडलेली. दिवाळीनंतर सुरू केली. पहिला आठवडा दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या तीन, दुसरा आठवडा दोन, मग रोज एक.

आधी कौतुक. नुसत्या मेटोप्रोलॉलवर (ठोक्यांचा वेग कमी करणारी गोळी) होते तेव्हा एक मजला चढला की छातीत कोंबडी फडफडल्यासारखं व्हायचं. ते थांबलं. ठाण्यातल्या तलावपाळीची अख्खी फेरी कट्ट्यावर न टेकता होऊ लागली. वर किंमत इतकी कमी की मी बिल उलटून पाहिलं. अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणून भावाला सरकारी लगाम. सुरुवातीला ब्रश करताना हिरड्यांतून रक्त आलं, कारण ही गोळी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा जोर वाढवते. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, बघून ती पातळ करणारी गोळी कमी केली, विषय संपला. तेव्हा कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं.

मग मार्च आला.

लेक कासारवडवलीला राहते, नातवासाठी मी सकाळी जाते आणि चारच्या सुमारास परतते. एसी बस, काचा बंद, खिडकीची जागा. एके दिवशी उतरताना उजव्या हाताला मुंग्या, मग चटका. संध्याकाळी कोपरापासून मनगटापर्यंत विटकरी लाल. बांगड्या सरकवल्या तर खाली बारीक गोऱ्या रेघा, बाकी हात भाजलेला. ह्यांना वाटलं फोडणीचं तेल उडालं.

काचेआड ऊन लागत नाही असं आपण धरून चालतो. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए आत सोडते, आणि ह्या गोळीवर कातडी भाजते ती मुख्यतः यूव्हीएने. मी दुकानातून एसपीएफ 50 ची ट्यूब आणली, तरी हात लालच. एसपीएफचा आकडा मुळात यूव्हीबीचा हिशोब सांगतो, हे त्वचेच्या डॉक्टरांकडे फी भरल्यावर कळलं. झिंक ऑक्साइडवालं क्रीम हवं, पांढरा थर दिसला तरी चालेल, आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचं. पुन्हा! गोळीच्या महिन्याच्या खर्चात त्या ट्यूबचं बूच आलं असतं. हृदयाच्या डॉक्टरांनी ‘उन्हात जपा, काकू’ एवढंच सांगितलं होतं. ठाण्यात उन्हात जपा म्हणजे काय करा?

बसचं गणितही बसवलं. सकाळी स्टेशनकडून घोडबंदर रोडने वर जाताना ऊन उजवीकडून, दुपारी खाली येताना पश्चिमेचं, तेही उजवीकडूनच. म्हणजे दोन्ही वेळा डावीकडची जागा धरायची. ती मिळते तेव्हा.

एवढं होऊनही गोळीवर माझा फार राग नव्हता. मत बदललं ते मेमध्ये. घरात सगळे घामाने निथळत होते आणि मी म्हणत होते, पंखा बंद करा. पोट साफ नाही, अंग जड, दुपारी तीनला डोळे मिटायचे. हे म्हणाले, वय झालं. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी केली तर चढलेली, म्हणजे थायरॉइड मंदावलेलं. दोनशेच्या एका गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडीन असतं, आपल्याला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतं. गोळीतलं सगळं आयोडीन अंगात मोकळं होत नाही, पण होतं तेही गरजेच्या चाळीसेक पट. थायरॉइड बिचकणारच. सुरू करण्याआधी टीएसएच, लिव्हरची तपासणी आणि छातीचा एक्स-रे झाला होता, म्हणून फरक लगेच दिसला. ह्यातलं टाळून पैसे वाचवू नका, हे मी सांगतेय, जी कढीपत्त्यासाठी घासाघीस करते.

दुसरी गोळी का नाही, विचारलं. लयीसाठीचीच दुसरी औषधं बघितली: फ्लेकेनाइड मूळ हृदयविकार असलेल्यांना धोक्याचं, सोटॅलॉल माझ्या ईसीजीवर बसत नव्हतं. मग डॉक्टरांनी मात्रा उतरवली: 100 मिलिग्रॅम, आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. सोबत सकाळी अनशापोटी थायरॉइडची गोळी, थायरॉक्सिन. दोन दिवस खाडा पडला तरी बिघडत नाही, कारण औषध चरबीत साठतं आणि अंगातून निम्मं व्हायला सरासरी दीडेक महिना तरी लागतो. तेच उन्हाच्या बाबतीत आडवं येतं. मात्रा निम्म्याहून कमी झाली तरी कातडीला ते लगेच कळत नाही. आयएनआरही आता पुन्हा लवकर-लवकर बघावं लागतं, कारण अमिओडॅरोनचा जोर उतरतो तशी रक्त पातळ ठेवणारी गोळी वाढवावी लागते. तेव्हा आपल्या मनाने कमी-जास्त करायची अमिओडॅरोन ही गोळी नव्हे.

केमिस्टशी मात्र वाजलं. ‘100 ची नाही, 200 ची मोडून घ्या मावशी, स्वस्तात पडेल.’ स्वस्त म्हटल्यावर घेतली. विळीने मोडली तर एक तुकडा मोठा, एक बारका, बाकी चुरा पाटावर. दुसऱ्या दुकानात शंभरची निमूट मिळाली.

आता ऑक्टोबरचं ऊन यायचंय. क्रीमला उतारा लेकीने सुचवला. स्कूटीवाल्या मुली घालतात ते खांद्यापर्यंतचे हातमोजे, गावदेवीजवळच्या फुटपाथवरून, भाव पाडून. घट्ट विणीचे आहेत, हात लाल होत नाही. दोन जोड घेतले. डाव्या हाताचे दोन्ही अजून कोरे आहेत, कुणाची डावी बाजू उन्हात येत असेल तर सांगा.