शेव्हेल एसएस 454 घेताना मी कसा फसलो

मागच्या वर्षी डेट्रॉईटजवळ मी 82 हजार डॉलर मोजून 1970 ची शेव्हेल एसएस 454, म्हणजे शेव्हरोलेची जुनी दणकट स्पोर्टी गाडी, घेतली. एलएस6 हे तिचं सगळ्यात ताकदवान इंजिन, 450 अश्वशक्ती, सगळं मूळचं, असं विकणाऱ्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं. ते खोटं निघालं. ओळखीतले दोघं-तिघं सध्या अशीच गाडी शोधतायत, म्हणून लिहायला बसलो.

माझ्यासमोर दोन गाड्या होत्या. दुसरी 1969 ची पॉन्टिॲक जीटीओ जज, नारिंगी, 366 अश्वशक्तीची. तिच्या मालकानं आधी पीएचएसचे (पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसचे) कागद पुढे ठेवले. पॉन्टिॲक कारखान्याच्या जुन्या नोंदी पीएचएसकडे आहेत. व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, आणि फी दिली की गाडी मुळात कशी बाहेर पडली ते कळतं. शिवाय त्या वर्षीच्या जीटीओचा व्हिनच 242 ने सुरू होतो.

शेव्हेलला हा आधार नाही. 1966 ते 1968 च्या एसएसचा व्हिन 138 ने सुरू व्हायचा. 1969 पासून एसएस म्हणजे जादा पैसे देऊन घ्यायचा पर्याय झाला, आणि शेव्हेलचंच साधं आठ सिलिंडरचं (व्ही8) मॉडेल मालिबू काय, एलएस6 काय, दोन्हींचा व्हिन 136 नेच. म्हणून मालिबूची एसएस बनवणं फार सोपं. हे मी वाचलेलं होतं. पण शेव्हेलवाल्यानं किल्ली फिरवली, त्या इंजिनाच्या धडधडीनं जमीन हादरली, आणि मी जजच्या मालकाला नाही कळवून टाकलं.

शेव्हेलवाल्यानं बिल्डशीटही, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं याचा कारखान्यातला कागदही, दाखवली होती, पेट्रोलच्या टाकीवर सापडली म्हणून. कागद पिवळा होता, पण सगळीकडे एकसारखा पिवळा, चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखा. टाकीवर पन्नास वर्षं पडलेल्या कागदाला गंजाचे डाग नकोत? उंदरांनी कुरतडलेल्या कडा नकोत? हे प्रश्न मला पैसे दिल्यानंतर पडले.

खरं कळलं ते एका जुन्या मेकॅनिकमुळे. उजव्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर एक छोटी सपाट पट्टी असते. इंजिनाचा कोड आणि व्हिनचे शेवटचे आकडे तिथेच ठोकलेले असतात. त्यानं चिंधीनं ग्रीस पुसलं, टॉर्च आडवा धरला. कारखान्यात ब्लॉक तासताना त्या पट्टीवर बारीक समांतर रेघा उमटतात. माझ्या पट्टीवर एकही नव्हती. पॉलिशपेपरनं घासून गुळगुळीत केलेल्या लोखंडावर सीआरव्ही हा एलएस6 चा कोड नव्यानं ठोकलेला होता. मग गाडीखाली शिरून त्यानं ब्लॉकवरची ओतकामाची तारीख वाचून दाखवली: सी 18 1, म्हणजे 18 मार्च 1971. फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरच्या, पत्र्यावर गाडीची तारीख 02बी, फेब्रुवारी 1970 चा दुसरा आठवडा. गाडी तयार झाल्यावर वर्षभरानं ओतलेलं इंजिन तिच्यात मूळचं कसं असेल?

विकणाऱ्यानं एकदाच फोन उचलला. ‘जशी आहे तशी’ या अटीवर तुम्हीच सही केलीत, म्हणाला. वकिलानंही तोच कागद बघून नकारार्थी मान हलवली. त्या पट्टीकडे मी पहिल्याच दिवशी टॉर्च घेऊन वाकलो असतो तर पाच मिनिटांत निकाल लागला असता, याची फार खंत वाटते.

आता गाडी विकायला काढली आहे, 41 हजारांना. जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत ‘क्लोन’ (नक्कल) असं लिहिलंय आणि त्या घासलेल्या पट्टीचा फोटो सगळ्यात वर लावलाय.