बालभारतीची पुस्तकं आणि घरची शाळा: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या वर्षी जूनमध्ये थोरल्याला दुसरीत न पाठवता घरीच शिकवायचं ठरवलं, तेव्हा कुणा मराठी आईबापाने वापरून झाल्यावर लिहिलेलं काही मिळतंय का ते मी खूप शोधलं. फारसं हाती लागलं नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आम्ही सासवडला राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघं, थोरला आठ वर्षांचा आणि धाकटी चार वर्षांची. यजमान जेजुरीच्या एमआयडीसीत कामाला. दुसरी पाळी लागली की दुपारी बाहेर पडतात ते मुलं झोपल्यावरच घरी येतात. शाळा होती तेव्हा त्या आठवड्यात बापलेकाची गाठ थेट रविवारी पडायची. त्यात पहिलीचं वर्षभर रोज सकाळी पोरगं पोट दुखतंय म्हणून रडायचं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. वर्गात बावन्न मुलं, बाई तरी कुणाकुणाकडे बघणार! शाळेवर माझा राग नाही, पण ते रडणं मला सहन होत नव्हतं.

पुस्तकं बालभारतीचीच घ्यायची हे आधीपासून नक्की होतं. महागडे संच आणि ॲपही पाहिली होती, पण त्यांची भाषा आमच्या घरातली वाटेना. बालभारती १९६७ सालची. आम्ही दोघंही त्याच पुस्तकांवर शिकलो. ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळते, म्हणून पहिला भाग झेरॉक्सवाल्याकडून काळापांढरा छापून स्पायरल करून आणला. तिथे चुकलं. रंग ओळखून मोजायचं पान आलं आणि सगळंच करडं! मुलगा माझ्याकडे बघत राहिला. वर छपाईला एकशे ऐंशी रुपये गेले, छापील पुस्तक त्याहून स्वस्त पडलं. पीडीएफ पुढचा धडा आपण आधी वाचून ठेवायला उत्तम आहे, मुलाच्या हातात मात्र छापील पुस्तकच द्या.

तेव्हा पुस्तकाचे चार भाग होते आणि मधेमधे वहीची पानं होती. घरी ती फार उपयोगी पडली, धडा आणि त्याने लिहिलेलं एकाच जागी राहायचं. २०२५-२६ पासून ती सोय बंद झाली. आता तिसरीला वेगळ्या वह्या आल्या आणि त्या रोज शोधाव्या लागतात.

सगळ्यात जास्त बोलायचंय ते गणिताबद्दल. ‘त्रेसष्ट’ म्हटलं की हा ३६ लिहायचा, ‘शहात्तर’ म्हटलं की ६७. ऐकताना आधी तीन ऐकू येतं, सहा ऐकू येतं, मग हात तोच अंक आधी लिहितो. शेजारच्या मुलीचं दुसरीचं जुनं पुस्तक मिळालं, २०१९ साली ज्यावरून एवढा गदारोळ झाला तेच. त्यात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ अशी मांडणी आहे. डॉ. मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. जोडाक्षरं असलेली संख्यानामं लहान मुलांना अवघड जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वेळी मीही नाक मुरडलं होतं, मराठी बिघडवतायत म्हणून. आता स्वतःच्या मुलासमोर पाटी घेऊन बसल्यावर ते म्हणणं पटलं. आम्ही लिहिताना ‘साठ तीन’ म्हणतो आणि बोलताना त्रेसष्टच. सासूबाईंना ते आवडलं नाही, पण पाढे त्या त्यांच्याच पद्धतीने म्हणून घेतात आणि दिवाळीपर्यंत अंकांची उलटापालट बरीच थांबली. एकोणऐंशी अजून चुकतं. ‘ऐंशी’ ऐकून ८९ लिहितो.

हरिपाठाच्या बाबतीत मात्र चूक माझीच होती. आमच्याकडे तिन्हीसांजेला हरिपाठ होतो, सासूबाईंच्या माहेरापासून चालत आलेला. घरची शाळा सुरू केल्यावर मी भिंतीवर वेळापत्रक लावलं. मराठी, गणित, परिसर अभ्यास आणि सात वाजता ‘हरिपाठ, रोज एक अभंग पाठ’. पुढे बरोबरची खूण करायला चौकोन. दोन महिन्यांत त्याचे बारा अभंग पाठ झाले आणि मला फार आनंद झाला. एके दिवशी त्याने डोळे मिटून भराभर म्हटलं, डोळे उघडले आणि म्हणाला, “झालं. खूण कर.” टाळ त्याने हातातही घेतला नव्हता. रात्री भांडी आवरताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, “त्याला पाठ होऊ दे न होऊ दे, माझ्याशेजारी बसू दे.” मी तो चौकोन त्याच रात्री खोडला. पुढचे तीन आठवडे तो आलाच नाही, अंगणात खेळत राहिला. मी आतून घाबरले होते, पण हाक मारली नाही. मग एकदा पाऊस होता म्हणून आत आला, आजीच्या मांडीला टेकून बसला आणि टाळ वाजवू लागला. आता आठवड्यातून चार-पाच दिवस बसतो. पाठ किती आहेत ते मी मोजत नाही.

संत सोपानदेवांची समाधी आमच्या गावातच आहे. तिथे जाताना चौघा भावंडांची गोष्ट निघते. निवृत्तीनाथ ज्ञानदेवांचे थोरले भाऊ आणि गुरूही, हे ऐकल्यापासून तो धाकटीला अक्षरं शिकवायला बसतो. तिचा ‘अ’ उलटा येतो, तरी रागावत नाही.

उणीव सांगितलीच पाहिजे. पुस्तकात जागोजागी ‘मित्रांशी चर्चा करा’, ‘गटात करा’ असं येतं. घरी गट कुठून आणायचा? संध्याकाळी मैदान आहे, शनिवारी वाचनालय आहे, पण सकाळी दहा ते दोन आमची गल्ली ओस असते. परिसर अभ्यासात खेळ होता, चौघांनी मिळून खेळायचा. त्याने दोन उशा आणि धाकटीला बसवून तो पुरा केला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. त्या दिवशी माझं कशातच लक्ष लागलं नाही.

यंदा पालखी मुक्कामी आली तेव्हा आम्ही दिंडीतल्या माऊलींना भाकरी-पिठलं वाढत होतो. तो गाड्यांवरच्या पाट्या वाचत सुटला, ‘रथापुढे’, ‘रथामागे’ आणि पुढचे आकडे. एका पाटीला म्हणाला, “सत्तर सहा.” परभणीकडचे एक म्हातारे बाबा हसले, “शहात्तर म्हण की माऊली.” मग परभणी किती लांब, चालत किती दिवस, हे सगळं त्याने त्यांनाच विचारलं. तिसरीच्या परिसर अभ्यासात आपला जिल्हा असतो, तो आमचा त्या आठवड्यात जिल्ह्याबाहेर गेला.

पुढचं काय, असं सगळेच विचारतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार सहा ते चौदा वयाच्या, शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाप्रमाणे योग्य वर्गात प्रवेश मिळतो. एनआयओएस म्हणजे केंद्र सरकारची राष्ट्रीय मुक्त शाळा, तिच्या मुक्त बेसिक शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे अ, ब, क स्तर आहेत, आणि चौदा पूर्ण झाल्यावर त्यांच्याकडूनच दहावीला बसता येतं. दारं बंद होत नाहीत, हे कळल्यावर सासरे नसलेल्या या घरात सासूबाईंचीही काळजी कमी झाली.

आम्ही चौथीपर्यंत असंच चालू ठेवणार आहोत. मागच्या आठवड्यात त्याला विचारलं, पाचवीला शाळेत जाशील का? थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “तिथे डबा सगळ्यांनी मिळून खातात का?” मी हो म्हटलं. तो पुन्हा टाळाच्या दोरीची गाठ सोडवायला लागला.