डोंबिवलीतला प्राणायाम वर्ग : बाई उत्तम, उदबत्ती नको

मार्चअखेरीला आम्हा हिशेबवाल्यांचं काय होतं ते आमच्या घरच्यांना विचारा. अंग गादीवर, डोकं ताळेबंदात. झोप येईना, म्हणून वहिनींच्या आग्रहाखातर पूर्वेच्या एका सोसायटीच्या हॉलमधल्या संध्याकाळच्या प्राणायाम वर्गाला नाव घातलं.

सुरुवातीला बरेच दिवस बाईंनी नाकाला हातच लावू दिला नाही. ताठ बसायचं, चार अंक मोजत श्वास घ्यायचा, आठ अंक मोजत सोडायचा. बस्स. कुणाचा फूऽऽ आवाज आला की लगेच, "काका, दिवा विझवायचाय का?" मंडळी कंटाळली, दोघं-तिघं गळाली. मला मात्र ही पद्धत पटली. बाई म्हणाल्या, मनगटावर बोट ठेवून बघा. खरंच, श्वास घेताना ठोके किंचित जलद पडतात आणि सोडताना संथ होतात. मग सोडणं का लांबवायचं, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

अनुलोम-विलोम, म्हणजे आलटूनपालटून एकेका नाकपुडीने श्वास, त्यानंतर. तर्जनी आणि मधलं बोट दुमडलेलं, अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका-करंगळी डावीवर. चिमटायचं नाही, हाडाखालच्या मऊ भागावर नुसतं टेकवायचं. बाई प्रत्येकाजवळ येऊन खांदा वर चढलाय का, मान कलली आहे का, ते बघतात. मोबाइलवर बघून शिकणाऱ्याला हे कोण सांगणार?

श्वास घेणं, रोखणं, सोडणं यांचं एक-चार-दोनचं प्रमाण शिकवा म्हणून मागे लागणारे असतातच. त्यांना बाई हठप्रदीपिका हा हठयोगाचा जुना ग्रंथ ऐकवतात. वारा, म्हणजे श्वास, हलला की चित्त हलतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राण, घाई केली तर साधकाचाच घात, हेही त्याच अध्यायात आहे. रक्तदाबवाल्यांना कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, अजिबात नाही. कपालभाती ही हठयोगाच्या षट्कर्मांतली, म्हणजे सहा शुद्धिक्रियांतली एक, प्राणायाम नव्हे, हेही त्या स्पष्ट सांगतात. शिक्षण लोणावळ्याच्या कैवल्यधामातलं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली काढलेली ही संस्था योगक्रिया प्रयोगशाळेत तपासू लागली, ते वळण बाईंच्या बोलण्यात दिसतं. चमत्काराची भाषा नाही.

फरक? पक्षकारावर अजूनही चिडतो, पण फोन उचलण्याआधी एक लांब श्वास सुटतो. रात्री भ्रामरी करतो, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडतो. मुलगी म्हणते, बाबांचा मिक्सर सुरू झाला. झोप मात्र लागते.

आता तक्रार. खिडक्या लावून घ्यायच्या, उदबत्ती पेटवायची आणि वर दीर्घ श्वास घ्या म्हणायचं, हे कुठलं शास्त्र? सांगितल्यावर ती कोपऱ्यातून खिडकीपाशी सरकली, विझली नाही. शेजारच्या जिममधली गाणी निराळीच.

फी महिन्याला ८०० रुपये, बुडालेल्या दिवसाची भरपाई नाही. चटई घरून न्या. जमत असेल तर सकाळची तुकडी धरा. तेव्हा जिममध्ये गाणी लावत नाहीत म्हणे.