एटना की स्ट्रॉम्बोली : आग बघायची की डोंगर?

इटलीत जायचं आणि जिवंत ज्वालामुखी बघूनच यायचं, असं ठरलं की दोन नावं पुढे येतात. एक सिसिलीतला एटना, दुसरा सिसिलीच्या उत्तरेला समुद्रात उभा असलेला स्ट्रॉम्बोली. नकाशावर दोघं शेजारी वाटतात, पण स्वभाव इतके वेगळे की एकाची अपेक्षा मनात धरून दुसऱ्याकडे गेलात तर हिरमोड ठरलेला. तो बहुधा एटनावर होतो.

लाल लाव्हा उसळताना बघायचाच असेल तर स्ट्रॉम्बोली, हे माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. तिथे दर दहा-वीस मिनिटांनी लहानसा स्फोट होतो. वर येणाऱ्या शिलारसातले वायूचे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, नळीच्या तोंडाशी फुटतात आणि तापलेले गोळे हवेत उडवतात. नळी उघडी राहते, दाब फार साठत नाही, म्हणून हा खेळ शतकानुशतकं चालू आहे. दर्यावर्दी या बेटाला भूमध्य समुद्राचं दीपगृह म्हणत. जगात कुठेही अशा प्रकारचा उद्रेक झाला की शास्त्रज्ञ त्याला याच बेटाचं नाव देतात.

बेट मात्र इवलंसं आहे. क्षेत्रफळ बारा-तेरा चौरस किलोमीटर, उंची ९२४ मीटर. अर्थात हे फक्त पाण्यावरचं. समुद्रतळापासून मोजलं तर डोंगर तीन हजार मीटरच्या आसपास जातो. वायव्येला ‘शारा देल फुओको’ नावाचा काळा, उघडा उतार आहे. विवरांतून उडालेले दगड त्यावरून गडगडत थेट समुद्रात पडतात. वस्ती ईशान्येला, आणि नैर्ऋत्येला जिनोस्त्रा हे चिमुकलं गाव. दोन्ही गावांना जोडणारा रस्ता नाही, एकातून दुसऱ्यात जायचं ते होडीनं.

पूर्वी वाटाड्याबरोबर थेट माथ्यावर जाता यायचं. ३ जुलै २०१९ रोजी अचानक मोठा स्फोट झाला, एक गिर्यारोहक मरण पावला, आणि पुढच्याच महिन्यात पुन्हा तसाच दणका बसला. त्यानंतर माथा बंद झाला. पुढे वाट खुली झाली तीही साधारण २९० मीटरपर्यंत स्वतःहून आणि ४०० मीटरपर्यंत वाटाड्यासह एवढीच. हे आदेश ज्वालामुखीच्या तब्येतीप्रमाणे बदलतात, त्यामुळे निघण्यापूर्वी ताजी सूचना बघाच. माझ्या मते संध्याकाळी शाराच्या समोर जाऊन थांबणारी होडी चढाईइतकीच चांगली, गुडघे कुरकुरणाऱ्यांसाठी तर जास्तच. एक पथ्य मात्र पाळायचं : अंधार हवा. दिवसा तिथे धुराचा झोत आणि गडगडाट, एवढंच पदरात पडतं. सकाळी येऊन दुपारी परतणाऱ्या सहलीत जाण्यात अर्थ नाही, रात्री मुक्कामच करावा.

एटनाचं गणित उलटं आहे. उंची ३३०० मीटरहून जास्त, पण नेमका आकडा कायमचा धरून चालत नाही, कारण उद्रेकात माथ्यावर थर चढतात आणि कधी कडा ढासळतात. पायथ्याचा घेर सुमारे १४० किलोमीटर. माथ्यावर चार मोठी विवरं असली तरी डोंगराचा इतिहास वाचायचा तो त्याच्या कुशीवर. तिथे शेकडो लहान शंकू आहेत, आणि प्रत्येक शंकू म्हणजे कधीतरी डोंगराची बाजू फाटून लाव्हा बाहेर पडल्याची खूण. १६६९ साली निकोलोसी गावाजवळ अशीच भेग पडली आणि लाव्हा कातानिया शहरात घुसून समुद्रापर्यंत गेला. १९२८ मध्ये मास्काली गाव गाडलं गेलं. १९९२ मध्ये झाफेराना गावाकडे सरकणारा प्रवाह आधी मातीच्या बांधांनी अडवला, मग वर स्फोट घडवून त्याची वाट वळवली. पूर्वेला व्हाले देल बोव्हे ही अवाढव्य खोलगट दरी आहे. माथ्यावरून उतरलेला बराचसा लाव्हा तिच्यातच थिजतो, खालच्या गावांचं नशीब म्हणायचं.

हे सगळं बघायला दोन दिवसही कमी पडतील. पण आग दिसेलच याची हमी नाही. २०२१ मध्ये एटनानं पन्नासहून अधिक वेळा लाव्ह्याची कारंजी उडवली, तर कधी महिनोन्‌महिने नुसता धूर सोडत बसतो. पोचणं मात्र सोपं. कातानियाहून गाडीरस्ता सुमारे १९०० मीटरवरच्या रिफुजिओ सापिएन्त्सा या पर्यटक तळापर्यंत जातो, पुढे रोपवे २५०० मीटरपर्यंत. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी एटनाच निवडेन. वर कडाक्याची थंडी असते, खाली उन्हाळा असला तरी जाकीट न्यायचं. गंमत अशी की एटना खरोखर पेटला तर राखेमुळे कातानियाचा विमानतळच बंद होऊ शकतो.

धोक्याच्या बाबतीत कोणालाच गरीब समजू नये. मार्च २०१७ मध्ये एटनावर लाव्हा बर्फावर चढला, वाफेचा स्फोट झाला आणि जवळ उभे असलेले सुमारे दहा जण जखमी झाले. २ जून २०२५ रोजी आग्नेय विवराचा भाग कोसळून तप्त राखेचा लोट सुटला आणि पर्यटक पळत सुटले. स्ट्रॉम्बोलीवर ३० डिसेंबर २००२ रोजी शाराचा उतार घसरला आणि त्सुनामी किनाऱ्यावर आदळली. त्यातही स्ट्रॉम्बोलीचं मला जास्त भय वाटतं, कारण त्याच्या नेमानं माणूस गाफील होतो आणि मोठा स्फोट फारशी चाहूल देत नाही.

दोन्ही जमत असतील तर आधी स्ट्रॉम्बोली उरका. सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मिलात्सो बंदरातून जाणाऱ्या जलद बोटी समुद्र खवळला की रद्द होतात, म्हणून मध्ये एक दिवस मोकळा ठेवा. एटना शेवटी ठेवला तर वेळ कमी पडल्यास अर्ध्या दिवसातही त्याची तोंडओळख होते. उलट क्रम लावलात आणि वारा सुटला, तर तुम्ही बेटावर अडकलेले आणि विमान कातानियाहून गेलेलं.