रानडुकरांसाठी झटका मशीन बरं की काट्यांचे फास?

दोन्ही वापरून झालंय. चार हंगाम झटका मशीन (वावराभोवतीच्या तारेत झटके सोडणारं), मग दोन हंगाम बोरी-बाभळीचे फास, म्हणजे काटेरी फांद्यांचं कुंपण. वावरात रोही (नीलगाई) जास्त असतील तर सरळ मशीनच घ्या. कमरेएवढे फास रोही सहज उडून जातो. (घरची लाइन थेट तारेत सोडायचं मात्र मनातही आणू नका, त्यात माणसंच मरतात.) त्रास डुकरांचा असेल तर जरा थांबा.

मशीनवर माझा राग एकच, गवत. डुक्कर नाक खुपसत येतं, म्हणून खालची तार वीतभरच उंच ठेवावी लागते. श्रावणात धुऱ्यावरचं (बांधावरचं) गवत आठ दिवसांत तिला टेकतं, करंट जमिनीत उतरतो. टिकटिक चालूच, तारेत जीव नाही. त्या टिकटिकीच्या भरवशावर मी एकदा जागल सोडून घरी झोपलो. सकाळी भुईमुगाची सहा तासं (ओळी) नांगरल्यासारखी उलथलेली, आणि मशीन आपलं टिकटिकतंय! त्यानंतर दर आठवड्याला विळा घेऊन धुरा फिरणं माझ्याच्यानं झालं नाही.

फास लोक कसेही फेकतात आणि मग नावं ठेवतात. बुडखा आत, शेंडा बाहेर, बुडखे खुंटांना बांधलेले, असे लावून पाहा. डुक्कर रेटतं तसा काटा त्याच्याच नाकात जातो. लढाईतही हीच युक्ती होती. ८ जुलै १७५८ ला उत्तर अमेरिकेत कॅरिलॉन किल्ल्यापुढे फ्रेंचांनी झाडं पाडून, शेंडे शत्रूकडे करून, फांद्या तासून ठेवल्या होत्या. फ्रेंच सेनापती मॉन्कामकडे साडेतीन हजारांच्या आसपास माणसं, समोर इंग्रजांकडची पंधरा हजारांवर. इंग्रज सेनापती ॲबरक्रॉम्बीनं तोफा पुढे न आणताच पायदळ सोडलं. ते फांद्यांत अडकलं आणि दोन हजारांच्या जवळपास माणसं मेली किंवा जखमी झाली. तोफांपुढे असा अडसर टिकत नाही. डुकराकडे तोफ नाही, एवढं आपलं नशीब.

आग मात्र फासांची वैरी. चैत्रात शेजाऱ्यानं धुरा पेटवला की वर्षाचं काम तासाभरात राख. खालून उधई (वाळवी) लागते, दरवर्षी नवी भर टाकावी लागते, चपलेतून काटा शिरतो तो वेगळाच. तरी बोर छाटली की पुन्हा फुटते, झाड पाडावं लागत नाही.

मशीन मी विकलं नाही. हरभऱ्याला लावतो, तेव्हा गवत वाळलेलं असतं.