कोळशाचं २२ इंची किटली ग्रिल आणि बिअरमधले ब्राट: उन्हाळा-हिवाळा दोन्ही काढल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, ब्राटवुर्स्ट (जर्मन पद्धतीचं सॉसेज, इथे त्याला नुसतं ब्राट म्हणतात) करायचे म्हणून ग्रिल घेणार असाल तर कोळशाचंच घ्या, आणि बिअर भाजण्याच्या आधी नाही, भाजून झाल्यावर वापरा. हे दोन मुद्दे पटले असतील तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, पण का ते सांगायला मला आवडतं म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही मिलवॉकीजवळ राहतो, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात. एकोणिसाव्या शतकात इथे जर्मन लोक इतके येऊन स्थायिक झाले की बिअर आणि सॉसेज ह्या गावाच्या अंगातच मुरलेत. मिलरची ब्रुअरी १८५५ ची, उसिंगरचं सॉसेजचं दुकान १८८० चं. इथून उत्तरेला तासाभरावर शेबॉयगन आहे, ते लोक आपल्या गावाला जगाची ब्राटवुर्स्ट राजधानी म्हणतात आणि १९५३ पासून तिथे ब्राट डेज नावाची जत्रा भरते. बेसबॉलच्या मॅचला गेलात तर स्टेडियमच्या पार्किंगमध्ये मॅचच्या आधीच शेकडो ग्रिल पेटलेली दिसतील, आणि मॅचच्या मध्ये सॉसेजचे मोठ्ठे पोशाख घातलेली माणसं मैदानाच्या कडेने शर्यत लावतात, ब्राटवुर्स्ट, पोलिश, इटालियन, हॉटडॉग आणि चोरिझो, आमची पोरं मॅचपेक्षा त्या शर्यतीसाठी येतात. सांगायचा मुद्दा हा की इथे राहून ब्राट गॅसवर नुसता गरम करून खायचा म्हणजे कोकणात राहून फ्रोजन मासे खाण्यासारखं आहे.

आता ग्रिल. गोल भांडं, वर गोल झाकण, तीन पाय, खाली आणि वर हवेची भोकं, बास. हा आकार शिकागोच्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये काढला, ते वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये होते, तिथे समुद्रात तरंगणारे धातूचे बोये बनायचे, त्या गोळ्याचे दोन भाग करून त्यांनी ग्रिल केलं. आता बऱ्याच कंपन्या हाच आकार बनवतात. माझ्या ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण मी जे सांगतोय ते ह्या आकाराच्या कुठल्याही ग्रिलला लागू पडतं. जोडायला सोपं आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

सोबत दोन गोष्टी घ्याच, चिमणी स्टार्टर आणि साधा डिजिटल थर्मामीटर. चिमणी म्हणजे पत्र्याचा उभा डबा, खाली कागद, वर कोळसा, कागद पेटवला की पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशावर पांढरी राख दिसायला लागते, मग ओतायचा. कोळशावर ओतायचं ते रॉकेलसारखं लिक्विड अजिबात नको, त्याचा वास ब्राटला लागतो आणि शेवटच्या घासापर्यंत जात नाही. आणि झाकणावर जो थर्मामीटर बसवून येतो त्यावर फार विसंबू नका, तो झाकणाखालची हवा सांगतो, ब्राट आतून किती शिजला ते त्याला कळत नाही.

आता मुख्य गोष्ट, विस्तव. सगळा कोळसा एका बाजूला ओतायचा, दुसरी बाजू मोकळी. ह्या एका गोष्टीने अर्धं काम होतं. ब्राट म्हणजे कच्च्या डुकराच्या मटणाचा खिमा, त्यात भरपूर चरबी, वर आतड्याचं पातळ केसिंग. सरळ रसरशीत निखाऱ्यांवर टाकलात तर केसिंग करपतं, आत कच्चं राहतं, मग केसिंग फुटतं, चरबी निखाऱ्यांवर सांडते, भडका उडतो आणि काळं झालेलं काहीतरी हातात येतं. म्हणून मी आधी मोकळ्या बाजूला ठेवतो, झाकण लावतो, झाकणाचं भोक ब्राटच्या बरोबर वर येईल असं फिरवतो म्हणजे गरम हवा आणि धूर त्यांच्या अंगावरूनच जातो. मधे एक-दोनदा पालटायचे, जो निखाऱ्यांजवळ आहे तो लांब, लांबचा जवळ.

ह्या वेळी ब्राटकडे बघत राहण्यात जे सुख आहे ते मला शब्दात नीट सांगता येईल का माहीत नाही, पण प्रयत्न करतो. सुरुवातीला तो फिकट गुलाबी, मऊ, लिबलिबीत असतो. थोड्या वेळाने राखाडी होतो आणि केसिंग ताणलं जायला लागतं, वाकडा असलेला सरळ होतो, अंग घट्ट होतं. मग टोकाच्या गाठीपाशी रसाचा एक बारीक थेंब येतो, तिथेच बुडबुडतो, आणि केसिंगखाली चरबी वितळून हलताना दिसते. हीच वेळ त्याला निखाऱ्यांच्या बाजूला न्यायची. तिथे झाकण न लावता, चिमट्याने सारखं फिरवत राहायचं, कुठेही थांबू द्यायचं नाही, तीन-चार मिनिटांत तांबूस तपकिरी रंग चढतो. काटा चमचा लांब ठेवा, एक भोक पडलं की सगळा रस निखाऱ्यांत. आतलं तापमान ७१ सेल्सिअस, म्हणजे इथल्या हिशोबाने १६० फॅरनहाइट, झालं की काढायचा. रंगावर जाऊ नका, कोळशाच्या धुराने पूर्ण शिजलेला ब्राटसुद्धा कडेला गुलाबी दिसू शकतो. चिकनचे ब्राट असतील तर ७४ पर्यंत न्या.

बिअरवरून इथे घराघरात वाद आहेत. एक पक्ष म्हणतो आधी बिअरमध्ये कांदा घालून ब्राट उकळा, मग ग्रिलवर रंग आणा. दुसरा पक्ष, विशेषतः शेबॉयगनचे जुने लोक, म्हणतात उकळायचा नाहीच, कच्चा विस्तवावर, आणि बिअर-लोणी-कांद्याचं भांडं बाजूला, भाजून झालेला त्यात. आमच्या शेजारचे आजोबा शेबॉयगनचे, त्यांच्यासमोर उकळण्याचा विषय काढला की ते नुसती मान हलवतात. मी दोन्ही प्रकार भरपूर करून बघितलेत आणि मी पूर्ण आजोबांच्या बाजूने आहे.

कारण साधं आहे. बिअर खळखळ उकळते तेव्हा ती शंभर सेल्सिअसच्या आसपास असते. ब्राटला हवेत ७१. वीस मिनिटं उकळलात तर आतलं मटण आकसतं, रस आणि चरबी बाहेर येते, मीठ-मसाल्याची चव पातेल्यात उतरते, आणि मग तोच शिजलेला ब्राट तुम्ही रंगासाठी परत विस्तवावर ठेवता, म्हणजे दुसऱ्यांदा सुकवता. बिअरची चव आत जाते म्हणावं तर केसिंगमधून फारशी काही जात नाही. हां, घरी पन्नास माणसं जेवायला आहेत, ग्रिल एकच आहे आणि कोणाला कच्चं मिळेल ह्या काळजीने जीव जातोय, तर आधी शिजवून घेण्यात अर्थ आहे, पण मग बिअर उकळू देऊ नका, कडेला बारीक बुडबुडे येतील एवढीच आच ठेवा. आणि कच्चे ब्राट ज्या बिअरमध्ये टाकले ती परत खळखळून उकळल्याशिवाय सॉस म्हणून वाढू नका.

माझ्या बिअरच्या ट्रेची पद्धत अशी. ॲल्युमिनियमचा खोल ट्रे निखाऱ्यांच्या बाजूला ठेवायचा, चांगलं सढळ हाताने लोणी, त्यात तीन-चार मोठे कांदे उभे चिरून. आधी कांदा लोण्यात नीट परतून घ्या, मऊ आणि कडेने तांबूस होईपर्यंत, आणि मगच बिअर ओता. बरेच जण कच्चा कांदा थेट बिअरमध्ये टाकतात, तो अर्ध्या तासानेसुद्धा कचकचीत राहतो, कारण बिअर आंबट असते आणि आंबट पाण्यात कांदा-बटाटा लवकर मऊ होत नाही, टोमॅटो घातलेल्या रश्श्यात बटाटा घालणाऱ्या प्रत्येकाला हे माहितीये. बिअर ओतली की चर्र आवाज येतो, फेस वर येतो, ट्रेच्या तळाला लागलेलं सगळं सुटतं. मग ट्रे मोकळ्या बाजूला सरकवायचा आणि भाजलेले ब्राट त्यात. ६० सेल्सिअसच्या वर राहिलं की तासभरसुद्धा मस्त राहतात, पाहुणे उशिरा आले तरी टेन्शन नाही. बिअरचं खरं काम हे आहे, ब्राट गरम आणि रसरशीत ठेवणं आणि कांद्याला चव देणं.

कुठली बिअर? साधी लागर किंवा पिल्सनर, हलकी, थोडी गोडसर. आयपीए नावाची कडवट बिअर नको, त्यात हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं जास्त, आटली की कडवटपणाही आटून दाट होतो आणि कांदा कडू लागतो. महागाची बिअर ट्रेत ओतू नका, ती पिण्यासाठी ठेवा.

एक गोष्ट मराठी घरांसाठी मुद्दाम लिहितो. आपल्याकडे ‘शिजवली की दारू उडून जाते’ असं सगळे बिनधास्त म्हणतात, ते खरं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजवलं तर साधारण ४० टक्के अल्कोहोल राहतं, तासाभरानेही २५ टक्के. त्यामुळे जे घेत नाहीत त्यांच्यासाठी आणि लहान मुलांसाठी मी दुसरा छोटा ट्रे करतो, लोणी-कांदा तसाच, बिअरऐवजी चिकन स्टॉक आणि थोडा सफरचंदाचा रस. सासूबाई आल्या होत्या त्यांना न सांगता खाऊ घालणं मला पटलं नसतं, आणि त्यांनी तो दुसरा ट्रे आवडीने संपवला. डुक्कर न खाणाऱ्यांसाठी चिकनचे ब्राट, जाळीची वेगळी बाजू आणि वेगळा चिमटा.

चवीबद्दल अपेक्षा नीट ठेवा. गोव्याच्या चोरीसची तिखट-आंबट सणसणीत चव डोक्यात ठेवून खाल्लात तर पहिला घास सपक वाटेल. इथे मिरची नाही, व्हिनेगर नाही, पांढरी मिरी, जायफळ, कुठे मार्जोरम नावाची सुगंधी पानं, आणि मुख्य म्हणजे मटणाची स्वतःची चव. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जीभ ऐकायला लागते. वाढायचा तो कडक कवचाच्या गोल रोलमध्ये, लोणी लावून, ब्राउन मस्टर्ड, ट्रेतला कांदा, आंबट काकडीचं लोणचं. शेबॉयगनमध्ये एका रोलमध्ये दोन ब्राट घालतात, त्याला डबल ब्राट म्हणतात, भूक असेल तर तेच करा. मऊ हॉटडॉगचा पाव घेऊ नका, रसाने लगदा होतो.

जर्मनीत विस्तवाची पद्धत गावागणिक वेगळी आहे. न्यूरेंबर्गचे ब्राट जेमतेम बोटाएवढे, ७ ते ९ सेंटीमीटर, लाकडाच्या जाळावर पटकन होतात. कोबुर्गला तर पाइनच्या झाडाची वाळलेली बोंडं जाळून त्यावर भाजतात. थुरिंगियात निखाऱ्यांचा भडका उडाला की वरून बिअर शिंपडतात, हे मी करून बघितलं, भडका बसतो आणि वासही छान सुटतो, पण जरा जास्त पडली की राख उडून ब्राटवर बसते, त्यामुळे हाताने शिंतोडेच मारा, बाटली उलटी करू नका. त्याच थुरिंगियात आर्नस्टाट गावच्या एका मठाच्या १४०४ सालच्या जमाखर्चात ब्राटवुर्स्टसाठी आतडी विकत घेतल्याची नोंद आहे. सहाशे वर्षं लोक ह्याच गोष्टीवर पैसे खर्च करतायत हे वाचून मला फार भारी वाटलं.

हिवाळ्यात? उणे दहाला बर्फ बाजूला सारून ग्रिल पेटवलंय आणि व्यवस्थित चालतं, फक्त कोळसा जवळपास दीडपट लागतो, आणि झाकण उघडून डोकावत बसायचं नाही, प्रत्येक वेळी सगळी धग जाते. थंडी आहे म्हणून ग्रिल गॅरेजमध्ये किंवा बंद जागेत ओढू नका, कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि जीव घेतो. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर आधी नियम बघा, बाल्कनीत कोळशाला बऱ्याच ठिकाणी बंदी असते.

तक्रारी आहेत. चाकं गवतावर अडकतात. राख खाली ढकलायचा दांडा चरबी साचली की घट्ट होतो, दर काही वेळा खरवडावा लागतो. जाळीला गंज धरायला लागलाय, तेलाचं बोट फिरवून ठेवतो. तारेचा ब्रश वापरणं मी बंद केलं, त्याची तार तुटून जाळीला चिकटते आणि खाण्यातून पोटात गेल्याच्या केसेस झाल्यात, त्याऐवजी अर्धा कांदा किंवा फॉइलचा गोळा चिमट्यात धरून गरम जाळीवर घासा. आणि काम झालं की दोन्ही भोकं बंद करा, कोळसा आपोआप विझतो, उरलेला पुढच्या वेळी वापरता येतो. राख दोन दिवस तरी प्लॅस्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, आत विस्तव दडलेला असतो.

साइजबद्दल बरेच जण विचारतात, १८ इंची स्वस्त पडतं ना म्हणून. दोन माणसांच्या घराला चालेल, पण ब्राटसाठी २२ च घ्या, कारण १८ मध्ये निखारे एका बाजूला, ब्राट दुसऱ्या बाजूला आणि कांद्याचा ट्रे मांडला की चिमटा फिरवायला जागाच उरत नाही.